बंब, कूलर आणि झरोका

नगरची हवा कोरडी आहे, हे वाक्य आम्ही नगरकर पाहुण्यांना पहिल्या चहाबरोबरच ऐकवतो. शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण हवेनं त्याची अजून दखल घेतलेली नाही. पाऊस आमच्याकडं पोचतो तो सह्याद्रीवर जवळजवळ सगळी कमाई उधळून, खिशात उरलेली चिल्लर घेऊन. त्यामुळं उन्हाळ्यात ओला टॉवेल दोरीवर टाकून पाठ फिरवली, की तो वाळून कडक होतो आणि उभा करून ठेवता येतो.

या कोरड्या हवेचा एकच फायदा आहे, आणि तो म्हणजे कूलर. माझ्या मुंबईच्या मेव्हण्यानं एका मे महिन्यात आमच्या कूलरसमोर चार दिवस काढले आणि जाताना तसलाच एक विकत घेऊन तो दादरला नेला. आठ दिवसांत त्याच्या घरातले पापड मऊ पडले, कपाटातल्या चपलांवर हिरवी लव आली आणि माणसं पूर्वीइतकीच घामाघूम राहिली. मुंबईच्या हवेचं पोट आधीच पाण्यानं भरलेलं. तिला कूलरचा आग्रह करून काय उपयोग? नगरची हवा मात्र उपाशी असते. दिसेल ते पाणी पिते आणि त्या बदल्यात गारवा देते.

आमचा वाडा तोफखान्यात आहे. तोफखाना हे भागाचं नाव आहे, वाड्यातल्या संभाषणाचं वर्णन नव्हे, हा खुलासा पत्ता सांगतानाच करावा लागतो. वाडा शंभरी ओलांडलेला. खाली दगड, वर विटा, भिंती अशा जाड की खिडकीच्या कोनाड्यात पोरं मांडी घालून अभ्यास करतात, निदान घालतात तरी मांडी. वर मातीचं माळवद, मध्ये चौक, आणि चौकाभोवती सात बिऱ्हाडं. ज्यानं हा वाडा बांधला त्याला कूलर ठाऊक नव्हता, पण ऊन ठाऊक होतं. दुपारचं ऊन त्या भिंतीत शिरायला लागतं आणि आतल्या खोलीत पोचेपर्यंत दिवस मावळतो. रात्री माणसं माळवदावर झोपायला जात आणि तेवढ्यात भिंती निवून घेत. सबंध वाडा हेच एक यंत्र होतं. फक्त त्याला बटण नव्हतं.

नगरच्या मातीत ही अक्कल तशी जुनीच. शहराबाहेर फराहबाग आहे. निजामशाहीतला हा महाल १५८३ च्या सुमारास पुरा झाला, तो चांगला मोठ्या तळ्याच्या मधोमध. उन्हाळ्यातला वारा कुठूनही आला तरी त्याला पाण्यावरूनच आत यावं लागे. म्हणजे आपण खोलीत कूलर ठेवतो, सुलतानांनी कूलरमध्ये खोली ठेवली होती! डोंगरांकडून पाणी आणायला जमिनीखालून खापरी नळ घातले होते. हल्ली तळं कोरडं पडलेलं असतं, आणि महालात सहलीला आलेली पोरं आरोळ्या मारून घुमारा किती येतो ते बघतात. एवढी मोठी व्यवस्था उभी करायला सुलतान लागतो. ती चालू ठेवायला मात्र दरवर्षी नळातला गाळ काढणारा कुणीतरी लागतो. पहिल्याचं नाव इतिहासात राहतं. दुसरा यायचा थांबला, की तळं आटतं.

वाड्यातली गरम पाण्याची व्यवस्था म्हणजे बंब. मोठा तांब्याचा, पोटातून वरपर्यंत गेलेली विस्तवाची नळी, खाली जाळी, बाजूला तोटी. दर दसऱ्याला वाड्यातल्या बायका चिंच आणि मीठ घेऊन त्याच्यावर तुटून पडत. चिंचेतल्या आंबटपणानं तांब्यावरचा काळा थर विरघळे आणि बंब असा झळके की पोरं त्यात तोंड बघून भांग पाडत. पण हे सगळं बाहेरून. आतल्या नळीला धरलेली काजळी आणि पाण्याच्या अंगाला बसलेला क्षारांचा थर यांकडं लक्ष द्यायचं ते तांबटानं, तो आला तर. काजळी उष्णता अडवते, क्षारही अडवतात. त्यामुळं बंब वर्षागणिक जास्त लाकडं खाई आणि कमी पाणी तापवी. घरातल्या कर्त्या पुरुषासारखाच. तरी लोक म्हणत, ‘काय चकचकीत बंब आहे हो तुमचा!’

बंबाचं पुढं जे व्हायचं तेच झालं. तो आता एका हॉटेलच्या दारात शोभेला उभा आहे, पोटात मनीप्लँट घेऊन. त्याच्या जागी तळमजल्याच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आला. मग वाड्यात यंत्रांची रांगच लागली: तीन विजेचे गीझर, चार कूलर आणि दोन एसी.

एसी हे यंत्र मुळात माणसांसाठी निघालंच नव्हतं. १९०२ मध्ये विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरनं ते योजलं, ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग जागच्या जागी बसायचे नाहीत. तेव्हा एसीचं पहिलं गिऱ्हाईक कागद. माणसाचा नंबर नंतर लागला. एसी थंडी तयार करतो असा आपला समज असतो. खरं म्हणजे तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, आणि वर स्वतःची भर घालतो. आमच्याकडं ‘बाहेर’ म्हणजे चौक. वरच्या मजल्यावरचे बँकवाले काका गारेगार झोपतात, त्यांची उष्णता चौकात उतरते, ती तळमजल्याचा कूलर ओढून घेतो, कूलरची ओल वर मास्तरांच्या भिंतीत चढते, आणि मास्तर खाली येऊन गरम होतात. एवढं एकत्र कुटुंब हल्ली सख्ख्या भावांतसुद्धा राहिलेलं नाही.

यंदा महाशिवरात्रीच्या सुमारास, थंडी निघायच्या आणि ऊन यायच्या बेतात असताना, या सगळ्या यंत्रांची एकदम सफाई करून घ्यावी अशी कल्पना निघाली. त्यासाठी चौकात सभा भरली. सफाई हवी यावर एकमत झालं आणि पैसे कुणी किती द्यायचे यावर सात मतं झाली. मास्तर म्हणाले, यंत्रामागं वर्गणी घ्या. बँकवाले म्हणाले, खोल्यांच्या मापावर घ्या. ज्यांच्या गॅलरीत वरच्या एसीचं पाणी ठिबकतं ते म्हणाले, आम्ही पैसे द्यायचे नसतात, घ्यायचे असतात. माडीवर एकटा राहणारा कॉलेजचा मुलगा म्हणाला, ‘माझ्याकडं फक्त टेबलफॅन आहे. त्याची तीन पाती पुसून द्या, मी तिघांचे सुटे पैसे देतो.’ शेवटी तळमजल्यावरच्या आजींनी ओसरीवरून निकाल दिला, ‘सातांनी सारखे द्या आणि आता झोपू द्या.’ आजींना त्या दिवशीही चक्कर येत होती.

आजींची चक्कर हा दिवाळीपासून वाड्याचा सामायिक विषय होता. सकाळी अंघोळ करून आल्या की त्यांचं डोकं जड व्हायचं, मळमळायचं, आणि अर्धा तास डोळे मिटून पडून राहावं लागायचं. मास्तरांच्या मते ते पित्त होतं. बँकवाल्यांच्या मते रक्तदाब. सूनबाईंच्या मते चतुर्थीचा उपास, एकादशीचा उपास आणि मधल्या दिवसांचा हट्ट. डॉक्टरांनी रक्त तपासलं, टॉनिक दिलं आणि ‘वय झालं’ म्हणून सांगितलं. आजी ब्याऐंशीच्या असल्यामुळं हे निदान कुणालाच खोडता येईना.

सफाईला जो मिस्त्री आला तो पूर्वी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होता. बरोबर भाचा, पाण्याचा जोराचा फवारा मारणारा पंप, दोन बादल्या, काथ्या, ब्रश आणि सायट्रिक ॲसिडची, म्हणजे आपल्या लिंबूसत्त्वाची, पिशवी. आल्या आल्या त्यानं चहाला नकार दिला, त्यामुळं वाड्यात त्याच्याविषयी आदर आणि संशय एकदमच उत्पन्न झाला.

सुरुवात कूलरपासून झाली. मास्तरांच्या कूलरची ताटी काढून त्यानं बोटानं वाजवली. ठकठक आवाज आला.

‘सर, हे गवत राहिलं नाही. फरशी झाली.’

यात त्या गवताचा दोष नव्हता. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, इतकं ते जड. कूलरमध्ये एक लिटर पाणी उडून जातं तेव्हा हवेतली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. गारवा येतो तो त्यातून. पण उडतं ते निव्वळ पाणी. त्यातले क्षार मागं राहतात, रोज थोडे थोडे. दोन उन्हाळ्यांत गवताचा दगड होतो, दगडातून वारा जात नाही, आणि आपण म्हणतो, यंदा ऊन फार आहे.

‘रोज नुसती भर टाकत राहता तुम्ही,’ मिस्त्री म्हणाला. ‘चार-आठ दिवसांनी जुनं पाणी सगळं सोडून द्यायचं. आणि समोरची खिडकी थोडी उघडी पाहिजे. आलेला वारा जायला नको?’

मास्तरांनी तीस वर्षं वर्गात प्रश्न विचारले होते. त्यांना उत्तर देण्याची सवय नव्हती.

दुसऱ्या कूलरच्या टाकीत एक कंगवा, दोन गोट्या, हरवलेली म्हणून मोलकरणीवर आळ घेतलेली चांदीची वाटी आणि तळाशी वळवळणाऱ्या अळ्या निघाल्या. वाटीवरून त्या घरात जी शांतता पसरली ती भंग करण्याचं काम बारावीतल्या पोरीनं केलं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, अंडी पाण्याच्या कडेला भिंतीवर चिकटवतो, आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, असं तिनं सांगितलं. पुन्हा पाणी भरलं, की आठ-दहा दिवसांत डास तयार.

‘म्हणून पाणी ओतून भागत नाही,’ मिस्त्री म्हणाला. ‘काथ्यानं कडा घासायला लागतात.’ आणि भाच्यानं घासल्या.

एसीची गोष्ट जरा नाजूक होती. बँकवाल्यांकडं दरवर्षी कुणीतरी कंपनीचा माणूस येई, यंत्राकडं दुरून बघे आणि ‘गॅस कमी झालाय’ असं जाहीर करून पैसे घेऊन जाई. मिस्त्रीनं विचारलं, ‘गळती कुठं होती?’ काकांना ठाऊक नव्हतं. तेव्हा मिस्त्रीनं सांगितलं की हा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत असतो. ‘सायकलच्या ट्यूबमधली हवा कमी झाली तर पंक्चर शोधायचं की नुसता पंप मारत बसायचं?’ गॅस पुरता होता. जाळीवर मात्र चिकट तपकिरी थर होता, त्यात कबुतराची पिसं रुतलेली. त्यानं तो थर बोटावर घेतला, वास घेतला आणि सहज बोलून गेला, ‘ह्या घरात तळण रोज दिसतंय.’

बँकवाल्या काकांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. तेव्हापासून आमच्याकडं सगळं उकडलेलं, असं काकू साऱ्या वाड्याला सांगत आल्या होत्या. काका काकूंकडं बघू लागले, काकू चौकाकडं. भिंतीवरच्या यंत्रानं दिलेला इतका स्पष्ट कबुलीजबाब मी पूर्वी ऐकला नव्हता. मिस्त्रीनं पुढं काही विचारलं नाही. यंत्राला प्लॅस्टिकची झोळी बांधून फवारा सोडला. झोळीत जे पाणी उतरलं त्याचा रंग बघून काकांनी त्या दिवशी भजी नको म्हटलं.

संध्याकाळी राहिला तो फक्त तळमजल्याच्या न्हाणीघरातला गॅसचा गीझर. ‘तो चांगला चालतो, त्याचं काही नाही,’ असं सूनबाई म्हणाल्या. मिस्त्रीनं आत जाऊन तो चालू केला आणि तोटी सोडली. पाणी कढत आलं. तो मात्र ज्योतीकडं बघत राहिला. मग गीझर बंद करून बाहेर आला आणि त्यानं पहिल्यांदाच आवाज चढवला.

‘ह्यात कोण अंघोळ करतं?’

‘सगळेच,’ सूनबाई म्हणाल्या. ‘आजी सगळ्यात आधी. दार लावून, सावकाश.’

‘ज्योत पिवळी आहे. निळी पाहिजे. आत काजळी धरलीय. आणि धूर जायला वाट कुठंय?’

वाट होती. बंबाच्या काळापासून होती. वाडा बांधणाऱ्यानं न्हाणीघराच्या भिंतीत, अगदी वर, धूर जायला झरोका ठेवला होता. आम्ही सगळे माना वर करून बघू लागलो, तर झरोक्यावर पत्रा. कबुतरं आत घाण करतात म्हणून गेल्या पावसाळ्यात वरच्या काकांनी तो बाहेरून ठोकला होता, पत्र्याच्या कडेनं पाऊस आत यायला लागला म्हणून मास्तरांनी त्याला सिमेंट लावून घेतलं होतं, आणि आजींना थंडी वाजू नये म्हणून सूनबाईंनी दाराच्या फटीला फडकं लावलं होतं. तिघांचाही हेतू चांगला. तिघांनी मिळून आजींना रोज सकाळी एका बंद डब्यात ठेवलं होतं.

मिस्त्री फार बोलला नाही. कोंडलेल्या जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. रक्तात प्राणवायू बसतो त्या जागेवर तोच जाऊन बसतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते, आणि मग माणूस दार उघडायला उठू शकत नाही. हिवाळ्यात वर्तमानपत्रात आतल्या पानावर अशा बातम्या येतात. आपण त्या वाचतो आणि पान उलटतो. ‘आजींचं नशीब की दाराची चौकट जुनी आहे,’ तो म्हणाला. ‘फडकं लावूनसुद्धा वारा येत होता.’

चौकात कुणी काही बोललं नाही. तोफखान्यात एवढी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. पित्त, रक्तदाब, एकादशी, वय, सगळी निदानं एकेक करून आपापल्या खोलीत निघून गेली. मग वरचे काका काही न बोलता शिडीवर चढले आणि स्वतःच्या हातानं पत्रा काढू लागले. सिमेंट पक्कं होतं. मास्तरांनी खालून शिडी धरली. एरवी हे दोघं एकमेकांचं वर्तमानपत्रसुद्धा धरत नाहीत.

त्या रात्री गीझर लागला नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं तो न्हाणीघरातून काढून बाहेर, मोकळ्या ओसरीच्या भिंतीवर बसवला आणि आत फक्त गरम पाण्याची नळी नेली. आतली तांब्याची पाती उघडून काजळी काढली, बर्नर साफ केला, क्षार धरलेल्या नळीतून लिंबूसत्त्वाचं पाणी फिरवलं. ज्योत निळी झाली. ती बघायला सातही बिऱ्हाडं जमली होती. दिवाळीच्या फटाक्यांनाही एवढी गर्दी नसते. झरोक्याला पत्र्याऐवजी बारीक जाळी बसली. कबुतरांनी बाहेरून पाहणी करून नापसंती कळवली.

बिल झालं, ते सातांनी सारखं भरलं. टेबलफॅनवाल्या मुलानंही भरलं आणि वर विचारलं, ‘आता पाती पुसून मिळतील का?’ भाच्यानं पुसून दिली. मिस्त्रीनं या वेळी चहा घेतला, आणि निघताना पाटीवर खडूनं लिहून दिलं: कूलरचं पाणी आठवड्याला सोडणे, एसीची जाळी पंधरा दिवसांनी धुणे, गीझर दरवर्षी दिवाळीच्या आधी उघडून साफ करणे, झरोका बंद न करणे. पाटी जिन्याखाली टांगली आहे. शेवटच्या ओळीखाली मास्तरांनी लाल खडूनं दोन रेघा मारल्या आहेत.

आजींची चक्कर चार दिवसांत गेली. डॉक्टरांचं म्हणणं, टॉनिक लागू पडलं. आता त्या अंघोळ करून येतात त्या थेट ओसरीवर बसतात आणि झरोक्यातून गार वारा लागतो, पाठ धरते, कुणाचं लक्ष नाही, पूर्वी कसं ऊबदार होतं, अशी तक्रार सुरू करतात. रोज करतात, मोठ्या आवाजात करतात, आणि नावं घेऊन करतात. वरचे काका गॅलरीत येऊन उभे राहतात आणि ती शेवटपर्यंत ऐकून मगच बँकेत जातात.